विवादित पितृत्व आणि कायदेशीर वडिलांचे हक्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात अशी प्रकरणे चालवताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रश्न विचारणारे कधी वडील असतात, कधी आई, तर कधी सज्ञान झालेले मूल. उत्तरे मुख्यतः हिंदू पक्षकार गृहीत धरून लिहिली आहेत. मात्र पितृत्वाच्या गृहीतकाचा जो नियम खाली येतो, तो सर्व धर्मीयांना सारखाच लागू आहे.

मुलाच्या कायदेशीर वडिलांचे सर्व हक्क संपवण्यासाठी कोणता अर्ज करावा लागतो?

असा एकच अर्ज आपल्याकडे नाही. इंटरनेटवर शोध घेतला की अमेरिकेतील राज्यांचे कायदे समोर येतात. तेथे पालकाचे हक्क संपुष्टात आणण्याची स्वतंत्र न्यायालयीन कार्यवाही असते. ते वाचून पक्षकार 'तसाच अर्ज' करायचा म्हणून येतात आणि पहिल्याच भेटीत त्यांची निराशा होते.

भारतीय कायद्यात 'वडील असणे' ही एका दोरीची गाठ नसून अनेक दोऱ्यांची आहे. मूल औरस आहे की नाही हा दर्जाचा प्रश्न, मूल कोणाजवळ राहणार हा ताब्याचा प्रश्न, त्याच्या वतीने सही कोण करणार हा पालकत्वाचा प्रश्न, पोटगी कोण देणार आणि वारसा कोणाचा मिळणार हे आणखी दोन, अशी प्रत्येक दोरी वेगळ्या तरतुदीखाली, वेगळ्या पुराव्यावर आणि बरेचदा वेगळ्या अर्जाने सोडवावी लागते. सर्व दोऱ्या एकदम सुटतात त्या फक्त वैध दत्तकविधानाने. म्हणून वकिलाकडे जाण्यापूर्वी स्वतःला एकच विचारा : मला नेमके काय हवे आहे? शाळेच्या दाखल्यावर एकट्या आईची सही चालावी एवढेच हवे असेल, तर त्यासाठी मुलाचे औरसत्व पणाला लावण्याची गरज नसते.

कायद्याच्या दृष्टीने मुलाचे वडील कोण?

वैध विवाह चालू असताना जन्मलेले मूल, किंवा विवाह संपुष्टात आल्यापासून २८० दिवसांच्या आत आणि आईने पुनर्विवाह केलेला नसताना जन्मलेले मूल, हे त्या पतीचेच औरस अपत्य असल्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. हा नियम १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ११२ मध्ये होता. १ जुलै २०२४पासून तो भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ११६ मध्ये, आशय न बदलता, आला आहे.

'निर्णायक पुरावा' हे शब्द हलके नाहीत. साधे गृहीतक असते तर विरुद्ध पुरावा देऊन ते पाडता आले असते. येथे कायदा एकच दार उघडे ठेवतो : ज्या काळात गर्भ राहिला असू शकतो, त्या काळात पती-पत्नींना एकमेकांचा सहवास घडूच शकत नव्हता, हे सिद्ध करणे. ते सिद्ध करण्याचा भार पितृत्व नाकारणाऱ्यावर असतो. पत्नीचे दुसऱ्या पुरुषाशी संबंध होते एवढे सिद्ध झाले, तरी ते दार उघडत नाही, कारण त्याच काळात पतीशीही सहवास असू शकतो.

'सहवास शक्य नव्हता' म्हणजे नेमके काय दाखवावे लागते?

प्रत्यक्ष शरीरसंबंध झाला नाही हे नव्हे, तर त्याची संधीच नव्हती हे दाखवावे लागते. बहुतेक प्रकरणे येथेच अडतात.

समजा, पती चाकणच्या कारखान्यात रात्रपाळीला होता आणि पत्नी दिवसा नोकरीला जात होती. दोघांचे बोलणे बंद होते, झोपायच्या खोल्या वेगळ्या होत्या. हे सगळे खरे असले तरी एका छताखाली राहणाऱ्या जोडप्याला संधी नव्हती, असे न्यायालय सहसा मानत नाही. पत्नी साताऱ्याला माहेरी होती, पण पती महिन्यातून एकदा तिकडे जाऊन येत होता, तरीही संधी होतीच. याउलट पती त्या सबंध काळात परदेशात जहाजावर होता, तुरुंगात होता, किंवा दोघे वर्षानुवर्षे वेगळ्या शहरांत राहत होते आणि एकदाही भेटले नाहीत, अशा परिस्थितीत पारपत्रावरील शिक्के, हजेरीपट, विभक्त निवासाची कागदपत्रे आणि शेजाऱ्यांची साक्ष यांतून तो पुरावा उभा राहू शकतो.

तारखांचा हिशेब आधी कागदावर मांडा. जन्मतारखेपासून मागे जाऊन गर्भधारणेचा संभाव्य काळ काढा, प्रसूतिगृहाची कागदपत्रे मिळवा आणि मूल पूर्ण दिवसांचे होते की अपुऱ्या दिवसांचे हे पाहा. हा हिशेब जुळत नसेल तर पुढचे सर्व युक्तिवाद वाया जातात. पक्षकाराला मी हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगते, कारण खोटी आशा लावून वर्षानुवर्षे तारखा घेत राहणे हा त्याच्यावरही अन्याय आहे आणि मुलावर तर आहेच.

मी खासगी प्रयोगशाळेत गुपचूप डीएनए चाचणी केली आणि मूल माझे नसल्याचा अहवाल आला. हा पुरावा पुरेसा नाही का?

नाही. पहिली अडचण नमुन्याची आहे. तो कोणाचा होता, कोणी घेतला, मध्ये कोणाच्या हातात होता, याची साखळी खासगी अहवालात नसते. दुसरी अडचण मूळ कायद्याची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली असे सांगितले की गर्भधारणेच्या काळात पती-पत्नी एकत्र राहत असतील, तर डीएनए अहवाल विरुद्ध गेला तरी कायद्याचे निर्णायक अनुमान तसेच टिकते. विज्ञान अचूक असेल, पण कायद्याने प्रश्नच वेगळा विचारला आहे.

याला एक महत्त्वाचा अपवाद आपल्याच विदर्भातून आला. पत्नी कित्येक वर्षे आपल्यापासून वेगळी राहत होती असे म्हणत एका पतीने मुलीच्या पोटगीला विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दोनदा चाचणी झाली आणि दोन्ही वेळा तो जैविक पिता नसल्याचे निघाले. ६ जानेवारी २०१४च्या निकालात न्यायालयाने म्हटले की कायद्याचे गृहीतक आणि जगाने अचूक मानलेला वैज्ञानिक पुरावा यांच्यात संघर्ष असेल तर विज्ञानाला प्राधान्य मिळावे. मुलीची पोटगी बंद झाली, मात्र तोवर दिलेली रक्कम परत मागता येणार नाही असेही ठरले. या निकालाचा आधार घेताना एक गोष्ट लोक विसरतात : तेथे सहवास नसल्याचे म्हणणे आधीपासून मांडलेले होते आणि चाचण्या न्यायालयाच्या आदेशाने झालेल्या होत्या. चाचणीचा आदेश मिळवण्याचा टप्पा तेथे आधीच पार पडला होता, आणि इतर प्रकरणांत खरी लढाई तोच आदेश मिळवण्याची असते.

न्यायालयाकडे मागितली तर डीएनए चाचणीचा आदेश मिळतोच ना?

नेहमीचा भाग म्हणून मुळीच मिळत नाही. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाया घातला : रक्तचाचणीचा आदेश सरसकट देऊ नये, शोध घ्यायचा म्हणून चाचणी मागता येणार नाही, सहवास नसल्याचे सकृद्दर्शनी मजबूत प्रकरण असले पाहिजे आणि आदेशामुळे मुलावर अनौरसत्वाचा किंवा आईवर दुर्वर्तनाचा शिक्का बसेल का याचा विचार झाला पाहिजे. २०१०मध्ये त्यात 'अत्यंत आवश्यकता' ही कसोटी आली. २०१७च्या खासगीपणाच्या हक्काच्या निकालानंतर हा विचार आणखी दृढ झाला.

पुणेकरांनी यातील एक निकाल विशेष लक्षात ठेवावा, कारण तो प्रश्न येथील कौटुंबिक न्यायालयातून निघाला होता. पतीने व्यभिचाराच्या आधारावर घटस्फोट मागितला आणि दुसऱ्या मुलाची डीएनए चाचणी मागितली. कौटुंबिक न्यायालयाने चाचणीचा आदेश दिला, मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, पण सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२३ रोजी तो रद्द केला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की व्यभिचार सिद्ध करायचा असेल तर पतीने दुसरे पुरावे आणावेत. पती-पत्नींच्या भांडणात मुलाला पुराव्याचे साधन करता येणार नाही. आपली जनुकीय माहिती उघड होऊ न देण्याचा हक्क मुलाचा स्वतःचा आहे.

माझ्या मते हा निकाल योग्य आहे, जरी तो माझ्याकडे आलेल्या अनेक वडिलांना कठोर वाटला. फसवणूक झालेल्या माणसाचे दुःख खरे असते, आणि त्याच्यासाठी घटस्फोटाचा मार्ग खुला आहे. २०१८मध्ये व्यभिचार गुन्हा राहिला नाही, तरी हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३ खाली तो घटस्फोटाचे कारण आजही आहे. पण दहा वर्षांच्या मुलाने त्या दुःखाची किंमत का द्यावी, या प्रश्नाला मला आजवर पटेल असे उत्तर मिळालेले नाही.

आदेश झाला आणि पत्नीने चाचणीस नकार दिला तर?

जबरदस्तीने रक्त काढले जात नाही. २०१४च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने पत्नीला नकाराची मुभा ठेवली, पण तसे केल्यास व्यभिचाराच्या मुद्द्यावर तिच्याविरुद्ध अनुमान काढता येईल असे सांगितले. वर उल्लेखलेल्या २०२३च्या निकालाने मुलाची बाजू वेगळी केली : आईने मुलाची चाचणी नाकारली म्हणून मूल त्या पतीचे नाही असे अनुमान काढता येणार नाही.

चाचणी कुठे आणि कशी होते?

न्यायालयाच्या आदेशाने, सहसा शासकीय न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होते. पुण्यात अशी प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. आई, मूल आणि कथित वडील यांची ओळख पटवून, छायाचित्र व सह्या घेऊन नमुना घेतला जातो आणि मोहोरबंद करून पाठवला जातो.

मी आई आहे. मुलाचे जैविक वडील माझे पती नसून दुसरी व्यक्ती आहे. जन्मदाखल्यावर त्यांचे नाव लावता येईल का?

महानगरपालिकेचे क्षेत्रीय कार्यालय न्यायालयाच्या आदेशाशिवाय वडिलांचे नाव बदलत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९च्या कलम १५ खाली निबंधकाला चुकीची नोंद दुरुस्त करता येते, पण पितृत्वाचा वाद सोडवणे हे त्याचे काम नाही. नावातील चूक आणि वडील बदलणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

न्यायालयातही वाट अवघड आहे. कोचीमध्ये एका आईने घटस्फोटानंतर मुलाच्या नोंदीत दुसऱ्या पुरुषाचे नाव लावण्यासाठी असाच प्रयत्न केला होता. ते प्रकरण वर्षानुवर्षे चालून सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि २८ जानेवारी २०२५ रोजी निकाल लागला : औरसत्व आणि पितृत्व या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. विवाहकाळात सहवास शक्य होता, तर कायद्याने पतीच वडील आहे, आणि त्रयस्थ पुरुषाला चाचणीस भाग पाडता येणार नाही. म्हणजे पतीला जसे बाहेर पडणे कठीण, तसेच आईलाही त्याला बाहेर काढणे कठीण. जो पुरुष स्वतःहून 'मूल माझे आहे' म्हणून पुढे येतो, त्यालाही याच भिंतीला तोंड द्यावे लागते.

आई अविवाहित असेल तर चित्र अगदी वेगळे आहे. २०१५च्या निकालानुसार अविवाहित आईला वडिलांचे नाव उघड न करता, त्याला नोटीस न देता पालकत्व मिळू शकते आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला दिला गेला पाहिजे. महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आधी आईचे नाव येते, ही दैनंदिन व्यवहारात दिलासा देणारी बाब आहे.

पितृत्वाला हात न लावता वडिलांचा ताबा आणि भेटीचा हक्क मर्यादित करता येतो का?

होय, आणि बहुतेक आयांना खरी गरज याचीच असते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६च्या कलम ६ नुसार औरस मुलाचे नैसर्गिक पालक वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई. पण १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने 'नंतर' याचा अर्थ 'मृत्यूनंतर' एवढाच नसून 'त्यांच्या अनुपस्थितीत' असा केला. वडील मुलाकडे पूर्ण दुर्लक्ष करत असतील, तर ते हयात असतानाही आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असतो. आणि कलम १३ सांगते की मुलाचे कल्याण सर्वांत वरचढ आहे.

वडील हिंसक असतील तर कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५च्या कलम २१ खाली दंडाधिकारी तात्पुरता ताबा आईला देऊ शकतात आणि भेट मुलाला घातक ठरेल असे वाटल्यास ती नाकारूही शकतात. अन्यथा भेटी पूर्ण बंद करण्याकडे न्यायालयाचा कल नसतो. आधी न्यायालयाच्या आवारातील बालकक्षात किंवा समुपदेशकाच्या देखरेखीखाली भेट ठरवली जाते. असे आदेश परिस्थिती बदलली की बदलून घेता येतात. दर्जाबाबतचा निकाल मात्र मुलाला आयुष्यभर पुरतो. हा फरक मनात ठसवून घ्यावा.

माझ्या दुसऱ्या पतीने मुलाला दत्तक घेतले तर आधीच्या वडिलांचे हक्क संपतील का?

संपतील. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६च्या कलम १२ नुसार दत्तकाच्या दिवसापासून जन्मकुळाशी असलेले नाते तुटते, विवाहाच्या निषिद्ध नात्यांचा नियम आणि आधीच मुलाच्या नावे झालेली मालमत्ता एवढे अपवाद सोडून. वैध दत्तक पुढे रद्दही करता येत नाही. पण त्यासाठी कायदेशीर वडिलांची संमती लागते. ती फक्त तेव्हाच लागत नाही, जेव्हा त्यांनी संन्यास घेतला असेल, ते हिंदू राहिले नसतील किंवा न्यायालयाने त्यांना मनोविकल घोषित केले असेल. 'ते पोटगी देत नाहीत' किंवा 'मूल त्यांचे नाहीच' हे त्या यादीत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ खालील सावत्र पालकाच्या दत्तक प्रक्रियेतही संमती हवी असते, आणि ताब्याचा वाद प्रलंबित असेल तर आधी तो संपावा लागतो. म्हणून घटस्फोटाच्या तडजोडीची बोलणी चालू असतानाच या संमतीचा विषय काढणे शहाणपणाचे असते. पुढे संबंध आणखी ताणले गेले की ती मिळत नाही.

पितृत्व नाकारले तर पोटगी लगेच थांबते का?

नाही. आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ऐवजी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ लागू आहे. त्याखाली औरस आणि अनौरस अशा दोन्ही मुलांना वडिलांकडून पोटगी मागता येते. वाद प्रलंबित असताना अंतरिम पोटगीचा आदेश होऊ शकतो आणि तो पाळावा लागतो. थकबाकी ठेवून पितृत्वाचा मुद्दा लढवणाऱ्याची बाजू न्यायाधीशांसमोर आपोआप कमकुवत होते.

लग्नाच्या वेळीच पत्नी दुसऱ्यापासून गरोदर होती आणि मला ते माहीत नव्हते. माझ्यासाठी वेगळा उपाय आहे का?

आहे, पण मुदत कडक आहे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १२ खाली विवाह रद्द ठरवून घेता येतो. त्यासाठी विवाहानंतर एका वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे आणि गरोदरपण कळल्यानंतर पतीच्या संमतीने शरीरसंबंध झालेला नसावा. घरातील वडीलधाऱ्यांच्या 'थांबा, बघू'मध्ये हे वर्ष निघून जाते.

दात्याच्या वीर्याने उपचार घेऊन झालेले मूल पती नाकारू शकतो का?

नाही. सहायक जननतंत्र विनियमन अधिनियम, २०२१च्या कलम ३१ नुसार असे मूल उपचार घेणाऱ्या जोडप्याचे जैविक मूलच मानले जाते आणि दात्याचे पालक म्हणून सर्व हक्क संपतात. आपल्या कायद्यात जैविक पित्याचे हक्क इतक्या स्वच्छ शब्दांत संपवणारी ही एक दुर्मीळ तरतूद आहे.

मोठे झाल्यावर मूल स्वतः आपले जैविक वडील शोधू शकते का?

दावा करता येतो. ज्येष्ठ नेते नारायण दत्त तिवारी यांच्याविरुद्ध एका तरुणाने असाच दावा केला होता. २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार तिवारी यांचा रक्तनमुना घेतला गेला आणि ते जैविक वडील असल्याचे निष्पन्न झाले. मात्र औरसत्व आणि पितृत्व वेगळे मानण्याचा जो विचार त्या प्रकरणाच्या मुळाशी होता, त्याला २०२५च्या निकालाने बरीच मर्यादा घातली आहे. आज असा दावा करणाऱ्याने आधी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६चे, म्हणजे पतीच वडील या गृहीतकाचे, उत्तर तयार ठेवावे.

पुण्यात अर्ज कुठे करायचा आणि वकिलाचा खर्च झेपत नसेल तर?

औरसत्वाची घोषणा, ताबा आणि पालकत्व हे सर्व कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४च्या कलम ७ मुळे कौटुंबिक न्यायालयाच्या कक्षेत येते. सुनावणी बंद दाराआड घेण्याची विनंती अवश्य करा. कायद्याने ती सोय दिली आहे आणि अशा विषयात ती मुलाच्या हिताची असते. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्यास ३० दिवस मिळतात. घोषणेच्या दाव्याला सर्वसाधारणपणे ३ वर्षांची मुदत असते, म्हणून संशय आल्यावर वर्षानुवर्षे गप्प राहून मग दावा करणे धोक्याचे ठरते. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या राष्ट्रीय क्रमांकावर विचारावे.

ज्याने मुलाला वाढवले, तो न्यायालयात वडील नसल्याचे ठरले, तर त्याला मुलाला भेटता येईल का?

हा प्रश्न बहुधा उशिरा विचारला जातो, निकाल हातात आल्यावर, आणि बहुतेक वेळा तो विचारणारा तोच माणूस असतो ज्याने दावा दाखल केलेला होता. रागाच्या भरात मागितलेली घोषणा मिळते आणि मग शनिवारी संध्याकाळी सारसबागेत मुलाला फिरवायला नेणारे कोणी उरत नाही.

घोषणेनंतर वडील म्हणून भेटीचा हक्क राहत नाही आणि वारसाहक्काचे नातेही राहत नाही. तरीही दार पूर्ण बंद होत नाही. पालक व पाल्य अधिनियम, १८९०च्या कलम ८ नुसार पालकत्वाचा अर्ज करण्याची मुभा मुलाचा पालक होऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीला, तसेच मुलाच्या कोणत्याही नातेवाइकाला किंवा मित्राला आहे. न्यायालय मुलाचे वय, लिंग, त्या माणसाशी असलेली जवळीक आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची इच्छा पाहते. आईचा विरोध असेल तर यश कठीण आहे, पण अर्ज ऐकला जातो. ज्या पतीला मुलाशी नाते ठेवायचे आहे आणि फक्त विवाहातून बाहेर पडायचे आहे, त्याने पितृत्वाचा मुद्दा घटस्फोटाच्या अर्जात लिहूच नये. एकदा तो लिहिला की आईचा वकील भेटीच्या प्रत्येक अर्जाला त्याच परिच्छेदाची प्रत जोडतो.